चार नंबर प्रेसचा निरोप

एक हातमोजा. डावा. आत अजून बोटं होती.

गुरुवारी सकाळी दहाला, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते.

पत्र्याला आकार देणाऱ्या चारशे टनी प्रेसच्या मागे वाकलेला माणूस पुढून दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी हाताने बसवलेला, कुठल्याच यादीत नसलेला एक मॉड्यूल.

निळ्या रंगात, भिंतीवर: मेल आला नाही म्हणजे यंत्र मोकळं.

आणि दापोडीत, केसांना मेंदी थापून बसलेली तेजस्विनी. फोन वाजला.

"मेल बंद आहेत," लक्ष्मणराव म्हणाले. ते प्लांटचे मॅनेजर, ती त्यांच्या मेल सर्व्हरची एकटी धनीण. "दहापासून एक जात नाही, एक येत नाही. माल भरलेली गाडी गेटवर अडकलीय. अशीच ये."

हाताचं त्यांनी सांगितलं नाही.

ते वॉचमन आबाजींनी सांगितलं. तिची गाडी चाकणच्या गेटातून आत शिरली तेव्हा ते पाण्याची नळी धरून फरशी धूत होते आणि पाणी गुलाबी वाहत होतं.

"तायडे, ज्ञानेश फिटरचा पंजा गेला. मागून डायमधी, साच्यात, हात घातलेला, आन् पुढून गणराजनं बटन मारलं. दवाखान्यात न्हेलाय. मी वळाकलं न्हाई गं आधी, मला वाटलं कुणाचा हातमोजा पडला."

ज्ञानेश प्लांटच्या पलीकडच्याच वाडीचा. त्याचे भाऊबंद चाकणच्या शेडाशेडांत पसरलेले. आणि प्रेसवरचा गणराज बीडहून आलेला, इथे त्याचं सावलीपुरतंही कुणी नाही.

पूर्वी दुरुस्तीला जाणारा फिटर प्रेसला कुलूप ठोकायचा आणि किल्ली कंबरेला खोवायचा. मग कंपनीने परवानगीचे कागद आणि कुलुपं दोन्ही मोडीत काढली. आता फिटर टॅबवरून मेल टाकतो, 'चार नंबर बंद ठेवा', आणि तो ऑपरेटरच्या स्क्रीनवर लाल होऊन उमटतो. उमटला नाही, तर यंत्र मोकळं.

ती वर सर्व्हररूममध्ये धावली. कानामागे वाळलेली मेंदी भुसभुशीत पडत होती.

घोळ कळायला दोन मिनिटं पुरली. सर्व्हर आपली अपडेट आपणच घेतो. सुट्टीत कुणाचं अडू नये म्हणून तिनेच त्याला गुरुवारी दहाची वेळ लावून दिली होती. तो मुकाट यादी वाचतो, जुनं काढतो, नवं बसवतो, कोण कोणावर टेकलंय ते पाहतो. पण मेल तपासणारा प्रोग्राम ज्या मॉड्यूलवर, म्हणजे छोट्या जोड-प्रोग्रामवर, टेकला होता, तो तिने यादीबाहेर, घाईत हाताने बसवला होता. अपडेटने त्याच्या पायाखालची प्रोग्रामिंगची भाषाच बदलून टाकली. मॉड्यूल कोसळला, त्याच्यावरचा प्रोग्राम कोसळला आणि दहा वाजून चार मिनिटांपासून प्रत्येक मेल दाराशी रांगेत उभा राहिला.

एकेचाळीस मेल. सहावा ज्ञानेशचा. दहा वाजून अकरा मिनिटं. चार नंबर बंद ठेवा, मी मागे आहे.

बटण दाबलं गेलं ते दहा सव्वीसला.

खालून आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी हाणावी तसा. तिने खिडकीतून पाहिलं. ज्ञानेशचा थोरला भाऊ शेखर आणि आणखी चौघे. गणराजला त्यांनी शेडमधून केसांना धरून ओढत अंगणात आणला होता. शेखरच्या हातात ट्रकच्या स्प्रिंगचा लोखंडी पाटा होता.

"बटन कोणी मारलं?"

"मीच मारलं मालक. पण मेल आलाच नाही ओ मला."

पाटा गुडघ्यावर बसला. गणराज किंचाळला नाही, नुसता हवा सोडल्यासारखा खाली बसला.

"माझ्या भावानं मेल टाकला म्हनतोय. हात तुटलेला मानूस खोटं बोलंल व्हय रं?"

"आईची शपथ ओ..."

"आई काढतो?" दुसऱ्याने तोंडावर लाथ घातली. दात सिमेंटवर टिकटिकत गेला.

दार उघडलं. लक्ष्मणराव.

"किती वेळ?"

"मॉड्यूल नव्याने बांधायला चार मिनिटं. बांधायला लावलाय. साहेब, गणराजला मारतायत. पोलिसांना—"

"केलाय फोन. आधी ती रांग पुसून टाक, मग चालू कर."

तिने स्क्रीनवरून मान त्यांच्याकडे वळवली.

"अगं बाई, सरळ आहे. ज्ञानेशच्या टॅबवर मेल गेला असं दिसतंय. रांगेत काही नसेल, तर तो पोचला. पोचला आणि गणराजनं बघितला नाही. पण अडकला म्हटलं, तर कुणामुळे अडकला ते विचारतील. कंपनीला विचारतील. आणि कंपनी तुला."

खाली पाटा पुन्हा बसला. या वेळी गणराज ओरडला, आणि ते ओरडणं मध्येच तुटलं.

"मरेल तो."

"मग लवकर पूस."

तिने कीबोर्डकडे हात नेला तो पुसायला नाही, हे त्यांना तिच्या खांद्यावरूनच कळलं असावं. त्यांनी कीबोर्डचा खण दाणकन आत ढकलला. तिची तीन बोटं मध्ये होती. हाड वाजलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात तिने उजव्या कोपराने मागे फटका हाणला तो थेट साहेबांच्या नाकावर. ते भिंतीवर आपटले. चष्मा फुटला.

स्क्रीनवर ओळ आली: मॉड्यूल बसला. तिने उरलेल्या हाताने एक कळ दाबली. रांग सुटली. चाळीस. तेवीस. नऊ. शून्य.

जिन्यावरून ती घसरत उतरली आणि गर्दीत घुसून तिने शेखरचा सदरा धरला.

"चला. चार नंबरला चला. दाखवते."

"बाजूला व्हय, बाई."

"चल म्हणते ना भाऊ!" तिची सुजलेली, रक्ताळलेली बोटं त्याच्या सदऱ्यावर लाल उमटली. ती बोटं बघून तो चालू लागला.

चार नंबरची स्क्रीन लाल झाली होती. चार नंबर बंद ठेवा, मी मागे आहे. शेखरने हळू, बोट ठेवून वाचलं. धाडला: दहा अकरा. पोचला: अकरा सत्तेचाळीस.

"म्हंजी आत्ता आला," तो म्हणाला.

"आत्ता."

"मधी कुठं व्हता?"

"माझ्याकडे. सर्व्हर माझा आहे. त्यातला एक तुकडा मी चुकीचा बसवला होता. गणराजला खरंच काही दिसलं नाही."

प्रेसच्या डायमध्ये अजून कापड अडकलेलं होतं. बाहेर गणराज रक्त ओकत होता, आबाजी त्याच्या डोक्याखाली आपली टोपी घालत होते. शेखरने पाटा उचलला. तिने डोळे मिटले नाहीत. पाटा तिच्या कानाजवळून गेला आणि स्क्रीनवर बसला, काच तिच्या केसांत, मेंदीत शिरली. त्याने पुन्हा उचलला, आणि तो वरच राहिला.

"एकच सांग मला. आज सुट्टी. आज प्रेस चालू हाय, मानसं आत हायत, हे तुला ठावं व्हतं का?"

गेटाकडून पोलिसांची गाडी वळताना ऐकू आली.

"नाही," तेजस्विनी म्हणाली.

पाटा खाली आला, जमिनीवर. शेखर मटकन प्रेसच्या पायरीवर बसला आणि हातांत तोंड घालून मोठ्याने रडू लागला.

गुरुवारी प्रेस शॉपला ओव्हरटाइम आहे ही सूचना बुधवारी दुपारी सव्वाचारला सगळ्यांना मेलने गेली होती. तेजस्विनीने ती चार अठराला उघडली होती.