दुपारची गोळी

माझ्या नातीला घरात सगळे शिडी म्हणतात. नाव तिच्या बापाने ठेवलं, आणि कौतुकाने ठेवलं. सात वर्षांची पोर दहा वर्षांच्या मुलींत उभी केली तरी खपून जाते. वर्गात तिची जागा कायम मागच्या बाकावर. नव्या बाई आल्या की तिला बघून हमखास विचारतात, "ही त्याच वर्गात राहिलीये का?" माझा मुलगा हा किस्सा येईल त्याला ऐकवतो. तो स्वतः बुटका. शाळेत त्याला दीडफुट्या म्हणत. पोरीच्या उंचीने त्याचं जुनं उट्टं निघत होतं.

त्या उंचीत आनंद मानण्यासारखं काही नव्हतं, आणि हे आम्हाला डॉक्टरांनी तिच्या जन्मापासून सांगितलेलं होतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. शिडीच्या ग्रंथींना आजारपणात शरीराला तगवणारं एक अत्यंत जरुरीचं संप्रेरक बनवता येत नाही, आणि ते बनवायच्या खटाटोपात त्या भलतीच, पुरुषी संप्रेरकं भारंभार तयार करतात. त्यामुळे मूल भराभर उंच होतं, पण हाडं वयाच्या आधी पिकतात आणि वाढ लवकर थांबते. लहानपणी सगळ्यांत उंच आणि मोठेपणी सगळ्यांत ठेंगणं. उपाय एकच, दिवसातून तीनदा गोळी, रोज, जन्मभर. हा दोष आईबाप दोघांकडूनही यावा लागतो. आमच्या बाजूचा माझ्याकडून आला की माझ्या बायकोकडून, कोण जाणे. ती आता नाही, त्यामुळे घरात संशय माझ्यावरच येतो.

सकाळची आणि रात्रीची गोळी सूनबाई देते. ती विमा कचेरीत जाते, संध्याकाळी परतते. दुपारची गोळी मुलाकडे होती, कारण तो घरातच शिकवण्या घेतो. पुढच्या खोलीत फळा, चार बाकं आणि परीक्षेला बसणारी पोरं. त्याची ख्याती अशी की ढ मुलगाही त्याच्याकडे महिनाभर बसला तर पास होतो. काय विचारतील तेवढंच घोटायचं, बाकीच्याकडे बघायचंसुद्धा नाही, ही त्याची पद्धत.

दुपारची गोळी तो सोडत असे. विसरून नव्हे, ठरवून.

"नाना, ते स्टिरॉइड आहे," तो मला म्हणाला होता. "तीन वेळा पोटात घालायचं म्हणजे काय खेळ आहे? पोरगी धडधाकट आहे, धावते, खाते. आणि स्टिरॉइडने वाढ खुंटते, डॉक्टरच म्हणाल्या होत्या."

"जास्त झालं तर, असं म्हणाल्या होत्या," मी म्हणालो. "म्हणजे, मला तसं आठवतं. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल कदाचित, पण एका पुस्तकातही..."

"पुस्तक!" तो म्हणाला आणि खडू घेऊन पुढच्या खोलीत गेला.

मी पुन्हा कधीतरी विषय काढला, तेव्हा तो फोनवर होता. नंतर एकदा काढला, तेव्हा त्याने "हं" म्हटलं. सुनेला सांगावं, असं रोज मनात येई. पण नवराबायकोत आग लावणारा सासरा व्हायची हिंमत होईना. आणि खरं सांगायचं तर, मुलगाच बरोबर असेल तर, हीही शंका होतीच. मी काही डॉक्टर नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक चिकटवले.

तपासणीची तारीख जवळ आली की मात्र घरात वेगळाच माहोल. "शिडे, रिव्हिजन सुरू!" बाप जाहीर करी. मग फोनवर गजर, दुपारची गोळी अगदी ठोक्याला. रक्त द्यायच्या आधी दीडेक आठवडा हे चाले. अहवाल चांगला येई. "पास!" म्हणून तो तिला खांद्यावर घेई, आणि तिचे पाय त्याच्या कमरेपर्यंत लोंबत. सून बिचारी खुश होऊन सगळ्यांना आईस्क्रीम खायला नेई. मीही खाई.

यंदा डॉक्टरांनी रक्ताबरोबर डाव्या हाताचा एक्स-रेही काढायला सांगितला. मधल्या काळात पोरीच्या कपाळावर पुरळ उठलं होतं, घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला होता.

आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरबाईंनी एक्स-रे काचेवर लावला. इवल्याशा हाताची हाडं. त्यांनी रक्ताचा अहवाल शेजारी धरला.

"हाडं अकरा वर्षांच्या मुलीची दिसतात," त्या म्हणाल्या. "रक्त उत्तम आहे आणि हाडं इतकी पुढे. मला हे जुळत नाहीये. गोळ्या चुकतात का?"

"एकही नाही," सून म्हणाली. तिला तशी खात्रीच होती. "डॉक्टर, मी शपथ घेऊन सांगते."

मुलगा एक्स-रेकडे बघत होता.

"मग हिला हा डोस पुरत नसणार. वाढवून पाहू." त्यांनी पेन उचललं.

आज नुसता डोस वाढला आणि सूनबाईने तो इमानाने सगळा दिला, तर तोच जास्त होणार आणि उरलीसुरली वाढही खुंटणार. कमीही नको आणि जास्तही नको, असं त्या गोळीचं काम. आणि ती मोजून देणाऱ्या डॉक्टरांनाच खरं माहीत नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "म्हणजे, मी काही यातला जाणकार नाही, आणि माझा गैरसमजही असू शकेल, पण एक शक्यता अशी की..."

"आजोबा, बाहेर पेशंट खोळंबलेत हो. थोडक्यात सांगा."

"नाना, राहू द्या," मुलगा म्हणाला.

"दुपारची गोळी ती घेत नाही," मी म्हणालो. "तपासणीच्या आधी तेवढी घेते."

मनात घोळवलेलं एकही सौम्य वाक्य आलं नाही. वर्गात चहाडी करणाऱ्या पोरासारखं ते बाहेर पडलं.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "स्टिरॉइड आहे म्हणून मी जरा..."

"जरा?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, एखाद्या तापात ही पोरगी तुमच्या हातातून गेली असती. उंची तर राहू द्याच. रक्त मला मागचे चार दिवस सांगतं, हाडं मागची वर्षं सांगतात. तुम्ही कोणाला फसवत होतात?"

डोस तोच राहिला. पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरबाई आगाऊ सांगणार नव्हत्या, आदल्या संध्याकाळी फोन करणार होत्या.

"हाडं मागे येतील ना?" सुनेने विचारलं.

"नाही. इथून पुढे त्यांना सावकाश नेता येईल. तेही रोज दिलंत तर."

बाहेर जिन्यात सून पोरीचा हात धरून पुढे गेली. मुलगा माझ्याजवळ थांबला.

"हे मला एकट्याला सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं."

"तुम्ही सांगता ते माणसाला कळतं का, नाना? निम्मं वाक्य माफी मागण्यात जातं. कोण ऐकणार?"

मी जिना उतरू लागलो. राग आला होता, त्याचा आणि त्याहून जास्त त्याच्या खरं बोलण्याचा.

घरी आल्यावर सुनेने गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. "उद्यापासून दुपारची तुम्ही द्यायची, नाना."

"हे?" मुलगा म्हणाला. "पाकिटावरचं बारीक छापलेलं वाचत बसतील संध्याकाळपर्यंत."

सुनेने डबा माझ्याकडे आणखी सरकवला.

दुसऱ्या दिवशी शिडी शाळेतून आली. मी पाण्याचा पेला आणि तळहातावर गोळी घेऊन उभा राहिलो. पलीकडे मुलाची शिकवणी चालू होती.

"बाबा म्हणायचे, रोज घेतली तर मी छोटीच राहीन," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता, नाही घेतली तर छोटी राहीन. आजोबा, तुम्हाला पक्कं माहीत आहे?"

पक्कं असं मला जन्मात काही माहीत नव्हतं. कदाचित, बहुधा, माझ्या समजुतीप्रमाणे, सगळे शब्द जिभेवर रांग लावून उभे होते.

"पक्कं माहीत आहे," मी म्हणालो. "घे."

तिने घेतली, तोंड वाकडं केलं, आणि पेला माझ्या हातात देऊन खेळायला पळाली. पुढच्या खोलीतला आवाज मघाच थांबला होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मग मुलगा पुन्हा शिकवू लागला, पहिल्यापेक्षा जरा मोठ्याने.