अरायानचं फाटक

“इथून पुढं रस्ता नाही,” आब्दोन म्हणाला.

लिसेतने मोबाईलचा पडदा बाहीने पुसला आणि पुन्हा पाहिला. खिंडीत धुकं होतं. मी मागून धापा टाकत पोचलो तेव्हा दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळत होते.

“उपग्रहाच्या फोटोत दिसतोय, मास्तर. हे बघा ना. खिंडीतून खाली अरायान, तिथून नदी, नदीकाठानं परत तिबाकोता. सगळी मिळून छत्तीस किलोमीटर. कसली मस्त फेरी होईल!”

“फोटोत दिसत असेल.”

“मग?”

“गुरांची वाट आहे ती. मध्येच तुटते. रस्ता नाही, इंजिनिअरबाई.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून माझ्या सायकलच्या चेनला हात लावला, जणू तिच्यातच काहीतरी बिघडलं होतं. मी तिबाकोतात जन्मलो, तिथेच सायकली दुरुस्त करतो, त्यामुळे रस्ता आहे हे मलाही चांगलं ठाऊक होतं. पण आमच्या डोंगरात परक्याने वाट विचारली की ‘रस्ता नाही’ म्हणायचं, हे पोराला बोलायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. एक काळ असा होता की बंदुका घेऊन लोक यायचे, वाट विचारायचे, आणि ज्याच्या घराची वाट दाखवली तो सकाळी जिवंत सापडायचा नाही. ते कुठल्या बाजूचे होते हे आम्ही तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारून काय करणार? तो काळ गेला. उत्तर मात्र आमच्या तोंडात राहिलं.

आब्दोन तिबादुइसाने सत्तावीस वर्षं सायकलवरून वीज कंपनीचे मीटर वाचले. डोंगरावरचं एकेक घर, एकेक ओहोळ, एकेक कुत्रा त्याला नावाने माहीत. मग मीटर आपले आपण आकडे पाठवायला लागले आणि त्याला घरी बसवलं. चार वर्षं तो माझ्या दुकानातल्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या पंक्चरवर मतं देत होता. अशात नगरपालिकेला साक्षात्कार झाला की बोगोताचे आणि परदेशांतले लोक आता डांबरी रस्त्याला कंटाळलेत, त्यांना जाड टायरच्या सायकलींवरून खडीचे आणि चिखलाचे रस्ते हवे आहेत, आणि तसल्या रस्त्यांची आपल्याकडे काही वाण नाही. ज्या खडीला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या तिच्यावर चालवायला लोक विमानाने येणार होते. नकाशे करायला राजधानीतून ही लिसेत आली, आणि तिला वाटा दाखवायला आब्दोन.

माणूस पाच महिन्यांत दहा वर्षांनी लहान झाला. त्याची जुनी तपकिरी वही बाहेर निघाली. तिच्यात त्याने लिहिलेलं असायचं, ‘दुसऱ्या वळणावर नळ, पाणी गोड. पुढच्या घरी काळा कुत्रा, नाव सुल्तान, भुंकतो पण चावत नाही. पिवळा भुंकत नाही, त्याच्यापासून सांभाळून.’ लिसेत ते वाचून खदखदून हसायची आणि सगळंच्या सगळं नकाशात घालायची. तिने त्याच्या हँडलवर एक मोबाईल बसवून दिला. सकाळी निघताना हिरवं बटण दाबायचं, संध्याकाळी घरी आल्यावर लाल. दिवसभर जिथून जिथून गेला ती रेघ त्यात उमटायची आणि गावात आल्यावर आपोआप कार्यालयात जायची.

“मी घरी झोपलेला असतो, एलिसेओ,” तो मला सांगायचा, “आणि मी गेलेला रस्ता बोगोताला पोचलेला असतो. काय समजलास!”

अकरा वाटा झाल्या. फक्त खिंडीची राहिली. गेल्या वाटेनेच परत यायला लोकांना आवडत नाही, त्यांना फेरी लागते, असं लिसेतचं म्हणणं. तिने चौकशी केली, तेव्हा कळलं की वाट अरायानच्या वाडीत राहणाऱ्या एर्मिंदाबाईच्या, कुस्तोदिओच्या विधवेच्या, फाटकातून, तिच्या अंगणातून खाली उतरते.

“तुमचे तर घरचे संबंध आहेत ना, मास्तर? तिच्या धाकट्याचे तुम्ही धर्मपिता. मग तुम्हीच जाऊन विचारा. ती नाही म्हणाली तर विषय संपला.”

तो आठवडाभर टाळत राहिला. मग एका गुरुवारी गेला. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर, पार उशिरा सांगितलं, आणि तेही खाली मान घालून.

एर्मिंदा चुलीपाशी बटाटे सोलत होती. त्याला पाहून उठली, गुळाचं पाणी उकळायला ठेवलं, त्यात चीजचा तुकडा टाकून पेला त्याच्या हातात दिला. मीटर वाचायला यायचा तेव्हा दर महिन्याला द्यायची, अगदी तसाच.

“बसा, कोंपाद्रे. चार वर्षांनी वाट चुकलात.” पोराचा धर्मपिता तो आमच्याकडे कोंपाद्रे, आणि पोराची आई त्याची कोमाद्रे.

त्याने सायकलवाल्यांचं सांगितलं. लोक येतील, भले लोक असतात, अंगणातून जातील, कुणी प्यायला पाणी मागेल.

“रस्ता नाही म्हणून सांगा,” ती म्हणाली आणि पुन्हा बटाटा हातात घेतला.

बावीस वर्षं जे पोटात धरून ठेवलं होतं ते आब्दोन बोलायला लागला. “कोमाद्रे, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“नका सांगू. मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“त्या सकाळी फाटक बंद होतं,” एर्मिंदा म्हणाली. “तारेला दोन वेढे, आणि टोक खाली दाबलेलं. असं कोण बांधतं ते मी दर महिन्याला बघत होते. कुस्तोदिओला मारायला आलेली माणसं फाटक लावून घेतील होय? गुरं बाहेर जातील ही काळजी आपल्यातलाच माणूस करणार.”

बावीस वर्षांपूर्वी ते तिघे आले होते. नीट बोलणारे, टोपी काढून नमस्कार करणारे. कालवडी घ्यायच्यात म्हणाले, कुस्तोदिओचं घर कुठे विचारलं. त्यांच्यातल्या एका पोराच्या टाचेला फोड आला होता, लंगडत होता. आब्दोनला दया आली. सगळ्या डोंगराला पाठ असलेलं उत्तर त्या एका दुपारी तो विसरला आणि त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. फाटक त्यानेच उघडलं. ते आत गेल्यावर, गुरं आहेत म्हणून, लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने कुस्तोदिओची शवपेटी खांद्यावर घेतली.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” त्याने विचारलं.

“माझी पोरं तेव्हा सतरा न् एकोणीस वर्षांची. कळलं असतं तर थोरला सुरा घेऊन तुमच्याकडं आला असता. मग तो तुरुंगात, नाहीतर मसणात. एक गेला होता तेवढा मला पुरे होता.”

“आणि दर महिन्याला मला हे दिलंत.” त्याने पेला दाखवला.

“न देऊन काय करते? लोकांनी विचारलं असतं, एर्मिंदा कोंपाद्रेला पाणी का विचारत नाही म्हणून.”

आब्दोन म्हणाला, तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोनशेच्या वर पेले तो त्या घरात प्यायला होता. दर वेळी त्याला वाटायचं, तिला माहीत नाही म्हणून ती देतेय.

“वहिनी म्हणून, कोमाद्रे म्हणून, काय म्हणाल ते करतो,” तो म्हणाला. “सांगा.”

“एवढंच करा. कुणी विचारलं तर या वेळी रस्ता नाही म्हणा.”

“नाही म्हणेन. पोराची शपथ.”

तो उठला तेव्हा धुकं फाटकापर्यंत उतरलं होतं. तिने खांद्यावर शाल घेतली, पायात रबरी बूट चढवले. “वरून नका जाऊ आता. खिंडीत हात दिसणार नाही. चला, खालून काढून देते.” ती पुढे, तो मागून सायकल हातात धरून. अंगण, कोंबड्यांचा खुराडा, बटाट्याचे वाफे, मग खालचं काटेरी कुंपण. तिने तार हाताने वर धरली, त्याने सायकल खालून सरकवली. तिथून नदीकाठाने तासाभरात तो तिबाकोतात होता.

“जन्मात पहिल्यांदा, एलिसेओ, त्या घरातून निघताना माझ्या छातीवरचा दगड हलला होता,” तो मला म्हणाला.

घरी आला, आणि रोजच्यासारखं लाल बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी लिसेतला सांगितलं की बाई नाही म्हणाली. लिसेतचा चेहरा पडला, पण बरं म्हणाली. पुढे तीन आठवडे कुणी त्या वाटेचं नाव काढलं नाही. आब्दोनने माझ्या बाकावर बसून एका पोराच्या सायकलचं चाकही सरळ करून दिलं, शीळ वाजवत.

नकाशाच्या उद्घाटनाला चौकात बँड होता, डुकराच्या मांसाचा घमघमाट होता, महापौरांचं भाषण होतं आणि ते संपत नव्हतं. पडदा बाजूला झाला. मी आधी आब्दोनकडे पाहिलं, मग नकाशाकडे. बारावी रेघ लाल होती. खिंडीतून अरायान, अरायानच्या अंगणातून नदी. फेरी पुरी झाली होती. त्यांनी तिला नावही दिलं होतं, ‘धुक्याची फेरी’.

आब्दोन गर्दीतून वाट काढत लिसेतजवळ गेला. “ही कुठून आणलीत?”

“कुठून म्हणजे? तुमचीच तर आहे! गुरुवारची.” ती हसत होती; खरंच खूश होती. “रस्ता नाही, रस्ता नाही, आणि स्वतः सायकल घेऊन आरपार गेलात की, मास्तर! मी तर नाचले.”

“बाई नाही म्हणाल्या होत्या. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“मी कार्यालयात विचारलं. जुनी वहिवाट आहे, नाही म्हणता येत नाही कुणाला. आणि त्यांचा फायदाच आहे, गुळाच्या पाण्याचे चार पेले विकतील.”

“काढा ती रेघ.”

त्याचा आवाज ऐकून तिचं हसू गेलं. वाईट मुलगी नव्हती ती. तिथेच उभी राहून तिने मोबाईलवर काय काय केलं आणि रेघ पुसून टाकली. मग ओठ चावत म्हणाली, “माझ्याकडून काढली. पण सकाळपासून चारशे लोकांनी उतरवून घेतलीय. त्यांच्या मोबाईलमधून मी कशी काढू, सांगा?”

आब्दोनने हँडलवरचा मोबाईल सोडवला आणि तिच्या हातात दिला. मग माझ्या दुकानात येऊन बसला, आणि तेव्हा मला हे सगळं कळलं. मी बराच वेळ एकच पाना पुसत राहिलो. त्याच्या बायकोलाही ही गोष्ट माहीत नव्हती. मला का सांगितली, देव जाणे.

“ती मला वाट दाखवत होती रे,” तो म्हणत राहिला. “मी घसरून पडू नये म्हणून.”

रविवारी पहाटेच तो निघाला. एकट्याला सोडवेना म्हणून मीही गेलो. खिंड ओलांडून फाटकाशी पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि एर्मिंदाच्या धुराड्यातून धूर निघत होता. आब्दोन फाटकाला पाठ लावून उभा राहिला. त्याला आत जायचं धाडस होत नव्हतं आणि परत फिरायचंही.

नऊच्या सुमाराला तिघं आले. दोन पुरुष, एक बाई, घट्ट कपडे, चिखलाने माखलेल्या पोटऱ्या. मला कधी परवडणार नाहीत अशा सायकली.

“नमस्कार, आजोबा! अरायान इकडूनच ना?”

“रस्ता नाही,” आब्दोन म्हणाला.

“आहे की! हे बघा.” पुढच्याने आपुलकीने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. “तुमच्याच गावच्या कुणा माणसानं आखलाय. जरा सरकता का?”

“रस्ता नाही. खाली बाईमाणूस एकटं राहतं.”

“आम्ही काही त्रास देणार नाही हो, आजोबा.”

त्याला खांद्याला धरून, अगदी हळुवारपणे, त्यांनी बाजूला केलं. एकाने त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली कसली तरी गोड वडी ठेवली. मग तार सोडली, आणि ओरडत, हसत, चिखल उडवत अंगणातून खाली गेले. कोंबड्या चारी दिशांना पळाल्या. फाटक सताड उघडं राहिलं.

एक वासरू फाटकाशी आलं आणि बाहेर डोकावलं. आब्दोनने त्याला आत ढकललं. मग त्याचा हात आपसूक फाटकाकडे गेला, ओढून घेतलं, तार उचलली, एक वेढा दिला. आणि हात तिथेच थांबला. आपण काय करतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

स्वयंपाकघराच्या दारात एर्मिंदा उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. ती रबरी बुटांनी चिखल तुडवत वर आली. आब्दोनने टोपी काढली. सांगायला त्याच्याकडे कितीतरी होतं. मोबाईल, लाल बटण, ती रेघ, चारशे लोक. सगळं खरं होतं.

“कोमाद्रे, मी—”

तिने त्याच्या हातातून तार काढून घेतली. त्याने दिलेला वेढा सोडला. आतून फाटक लावलं आणि तार गुंडाळायला लागली, दोन वेढे, तीन, चार, तार संपेपर्यंत. मग तिने मान वर केली. मी आयुष्यभर तिला ओळखतो, पण तिने माझ्याकडेही त्याच नजरेने पाहिलं. परगावची माणसं पाहावीत तसं.

“इथून रस्ता नाही, सेन्योर,” ती म्हणाली.

“बरं,” आब्दोन म्हणाला. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि सायकल वळवली.