आधी आकडा

तिने चहाचा कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि दाराला कान लावला. आत तिच्या हाताखालचा धाकटा संशोधक पुन्हा तपासणीला आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंशी बोलत होता. बाईंची कंबर सहा वर्षं दुखत होती.

"मशीनवर बसताना पाठीला काही घेता, की तशाच?" तो विचारत होता.

बाई पाठीवरून जावेवर आल्या, जावेवरून स्वतःवरच हसल्या. चांगली दहा मिनिटं गेल्यावर तो म्हणाला, "बरं, आता सांगा. शून्य ते दहा. आज किती दुखतंय?"

"तीन असेल."

तिला हवं ते सापडलं. पेशंट बसला की आधी आकडा, मग गप्पा, हा नियम तिने स्वतः लिहिला होता.

जुनाट दुखण्यावरची एक गोळी, हा तिचा पाच वर्षांचा प्रबंध. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी, औषध नसलेली. कोणाला कोणती, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गेल्या आठवड्यात त्याची यादी उघडली. तिच्या पेशंटमध्ये खरी गोळी उठून दिसली. धाकट्याच्या पेशंटना मात्र साधीसुद्धा लागू पडली होती. सगळ्यांचे आकडे एकत्र केले की तिच्या गोळीचा गुण पार बुडून जात होता. त्यावर तिचे मार्गदर्शक सर सगळ्यांदेखत म्हणाले, "पोराला हातगुण आहे." येऊन वर्ष न झालेल्या पोराला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

धाकट्याविरुद्धच्या तक्रारीचा कागद तयारच होता. त्याचे आकडे बाद झाले की तिचा प्रबंध वाचणार होता. बाई गेल्यावर ती आत शिरली, कागद टेबलावर पालथा ठेवला आणि पेशंटच्या खुर्चीत बसली.

"मला पेशंट समज. तू कसं विचारतोस ते बघायचंय."

"परीक्षा घेताय का ताई?"

"तसंच समज."

तिची मान तीन वर्षं दुखत होती. रोज सकाळी ती वहीत स्वतःचा आकडा टिपून ठेवायची. आज सात होता.

"कधीपासून दुखतंय?" त्याने विचारलं.

दोन वाक्यांत उरकायचं तिने ठरवलं होतं. पण उजव्या कुशीवर झोपता येत नाही, हे निघालं. घरचे म्हणतात, तूच दुखण्यावर शिकतेस ना, मग कर की बरं, हेही निघालं. तो मध्ये बोलत नव्हता, हीच पंचाईत होती.

"आणि सर तुला हातगुण म्हणाले ना, तेव्हापासून जास्तच," ती म्हणाली. "पाच वर्षांत मला कधी काही म्हणाले नाहीत."

तो हसला नाही. "मलाही लागलं असतं ते," एवढंच म्हणाला. मग टेबलावरचा तो पालथा कागद ओढून त्याने पेन उघडलं. "आता सांगा. शून्य ते दहा."

तिने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. पुन्हा एकदा वळवून पाहिली.

"चार."

त्याने कागदाच्या कोऱ्या बाजूवर चार लिहिलं.

"आकडा आधी विचारायचा असतो रे," ती म्हणाली.

त्याने जीभ चावली. "चुकलंच ताई. आधी किती होता?"

तिने त्या कागदाकडे पाहिलं.

"सात."

त्याने चारच्या वर सात लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो उलटला नाही.