फितीचा रंग

अग्लायाने आठ हा आकडा दाबला आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहिली. पडद्यावर पुन्हा तेच उमटले : लाल फीत, सोबत शुभेच्छापत्र.

ब्राइला शहरात जित्या माणसाला आठ फुले कोणी देत नाही. सम फुले मेलेल्यांची, काळ्या फितीत; विषम जित्यांची, लाल फितीत. तरीही गेल्या आठवड्यात तिच्या दुकानातून एका अंत्ययात्रेला बारा लिली गेल्या त्या लाल फितीत, वाढदिवसाच्या शुभेच्छांसह. गुच्छ बांधणाऱ्या बाईने संगणकाची चिठ्ठी वाचली, फुले मोजली नाहीत. आणखी एकदा असे घडले तर दुकानाला कुलूप लागेल, हे सुनेने, ओतिलियाने, जेवताना दोनदा ऐकवले होते.

मागणी नोंदवणारा हा प्रोग्राम अग्लायाच्या मुलाने, पेत्रूने, संध्याकाळच्या वर्गात शिकता शिकता लिहिला होता. फेब्रुवारीत पेत्रू गेला. तेव्हापासून वर्गातल्या त्याच्या खुर्चीवर ती बसत असे. तिला कोणी कारण विचारले नाही. विचारले असते तरी तिने दिले नसते.

शिकवणारा सोरिन मागे येऊन उभा राहिला.

“काकू, शून्याभोवती ही अवतरणचिन्हं कशाला?”

“पेत्रूने घातलीत.”

सोरिनने आवाज खाली आणून समजावले. संख्येला दोनने भागून उरते ती बाकी म्हणजे खरा आकडा. अवतरणचिन्हांत कोंडलेले शून्य म्हणजे नुसते अक्षर. यंत्र त्या दोन्हींना कधीच सारखे मानत नाही. त्यामुळे ‘बाकी शून्य, तर काळी फीत’ ही अट खरी ठरत नाही आणि प्रत्येक गुच्छ जित्या माणसाच्या वाट्याला जातो.

“म्हणजे त्याच्या हिशेबी कोणी मरतच नाही,” अग्लाया म्हणाली.

तिने चिन्हे खोडली. आधी डावीकडची, मग उजवीकडची. चेहऱ्यावर काही हलले नाही. आठ टाकले, काळी फीत आली. बारा टाकले, काळीच आली.

“जमलं की काकू. आता एक खरी मागणी टाकून बघा.”

तिने पत्त्याच्या जागी दफनभूमी लिहिली, नावाच्या जागी पेत्रू. फुले पाच.

लाल फीत.

सोरिन पुढे झुकला. “दफनभूमीत पाच? आकडा चुकला वाटतं.”

“दर रविवारी पाचच नेते मी.” तिचा आवाज दुकानात भाव सांगावा तसा सपाट होता. “सुनेला दिसतं. दुकानावरून तोंड चालतं तिचं. यावरून नाही.”

शेजारच्या संगणकावर कोणीतरी हसले. सोरिनला पडद्याकडे बघावे की तिच्याकडे, हे कळेना.

अग्लायाने पाच खोडले. बोट काही काळ अधांतरी राहिले. मग तिने सहा दाबले आणि खिडकीकडे तोंड फिरवले.

“वाच,” ती सोरिनला म्हणाली. “मोठ्याने वाच.”