तळाला तीन भोकं असलेला ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखता. आमच्या जालना जिल्ह्यात असं घर विरळाच, जिथे मोरीशेजारी माझा एखादा भाऊबंद पाणी भरून उभा नसेल. मला मात्र पाणी भरता येत नाही. माझ्या तळाला तीन भोकं आहेत आणि ती मुद्दाम पाडलेली आहेत.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवलं आणि मी तयार! डोक्यावर दोन बुचं, पोटावर एक लेबल. माझ्यात भरलं इथिलीन ग्लायकॉल. नाव भारदस्त, रूप अगदी साधं. पाण्यासारखं नितळ, जरासं दाट, वास म्हणाल तर नाहीच. पण काम मोठं हरहुन्नरी! तुमच्या शर्टातला पॉलिस्टरचा धागा बनवायला ते लागतं, प्लास्टिकची बाटली बनवायला लागतं. थंड मुलखात विमानाच्या पंखांवरचा बर्फ त्यानं काढतात. पाण्यात मिसळलं, की इंजिनातलं पाणी लवकर उकळत नाही आणि गोठतही नाही. एवढा गुणी माल आपल्या पोटात आहे म्हणून मी ताठ मानेनं प्रवास केला.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सोहनलाल शेठांचा छोटा कारखाना आहे. तिथे ग्लायकॉलमध्ये शुद्ध पाणी, गंज रोखणारी औषधं आणि हिरवा रंग घालून इंजिन थंड ठेवणारं कूलंट बनवतात. भोकरदन, जाफराबादकडच्या किती ट्रॅक्टरांची डोकी माझ्या पोटातल्या मालानं थंड ठेवली असतील, देव जाणे!

तिथला सर्वांत जुना कामगार म्हणजे बदनापूरचा कचरू. माणूस कामाचा, पण सवयीचा गुलाम. ड्रममधून माल काढायचा तर नळी बुडवायची, तोंडानं ओढायची आणि आलं की थुंकायचं! नव्यानं आलेल्या केमिस्ट महजबीन मॅडमनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्यांनी त्याच दिवशी हातपंप आणला, हातमोजे आणि चष्मे वाटले. सांडलं तर लाकडाचा भुसा टाकून टिपायचं, नालीत सोडायचं नाही, असं बजावलं.

"हे चवीला गोड असतं, म्हणून जास्त घातक," त्या म्हणाल्या. "पोटात गेलं तर आधी नशा केल्यासारखं वाटतं, मग मूत्रपिंडं निकामी होतात. माणूस जाऊ शकतो."

कचरू हसला. "मॅडम, त्या हिरव्याला कोण तोंड लावून राह्यलंय?"

मित्रांनो, चूक नेमकी इथेच झाली. कचरूच्या मनात जहर म्हणजे हिरवा रंग. माझ्या पोटात होतं ते बिनरंगी, म्हणजे त्याच्या लेखी निर्धोक!

या कारखान्यात एक रीत होती. ड्रम रिकामा झाला, की पाळीपाळीनं एकेका कामगारानं तो घरी न्यायचा. मी रिकामा झालो तेव्हा पाळी कचरूची होती. त्यानं करवतीनं माझा वरचा भाग कापला, लेबल खरवडून काढलं आणि टेम्पोत घालून मला बदनापूरला नेलं. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! पाणी भरून उभं राहणं हा आम्हा ड्रमांचा सर्वांत मोठा मान. उषाबाईंनी, म्हणजे कचरूच्या बायकोनं, मला हळदकुंकू लावलं. त्यांची दोन वर्षांची नात चिमी माझ्या पोटावर थापा मारून गेली. पण तळाशी अजून ग्लायकॉल साचलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. माझा आनंद हळूहळू आटत गेला.

त्यांच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ यायचा. कचरू कामावर गेलेला. नळ आला तशी उषाबाईंनी घाईघाईनं मला एकदा खंगाळलं, ते पाणी अंगणात ओतलं आणि नळी माझ्यात सोडली. मी काठोकाठ भरलो. चिमी पेला घेऊन शेजारच्या पायरीवर चढली आणि तिनं तो माझ्यात बुडवला. मला ओरडायचं होतं. पण ड्रम कसा ओरडणार?

तेवढ्यात उषाबाईंचं लक्ष अंगणात गेलं. त्यांची शेळी ओला चिखल चाटत होती. हाकलली तरी परत येऊन चाटत होती. उषाबाईंना त्याचं हसू आलं. त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"अहो, ह्या ड्रमात पह्यले गूळ व्हता का? शेळी चिखल चाटून राह्यली, हटायचं नाव न्हाई!"

गोड! कचरूला मॅडमचं बोलणं आठवलं आणि तो फोनवरच ओरडला.

"अगं, पाणी पिऊ नका! कोणीच पिऊ नका! चिमी कुठंय?"

उषाबाईंनी वळून पाहिलं. भरलेला पेला चिमीच्या ओठांजवळ होता. त्यांनी तो असा हिसकावला, की पोरगी भोकाड पसरून रडू लागली. मित्रांनो, इतकं गोड रडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

"एखादा घोटसुद्धा गेला असेल तर? त्रास व्हायची वाट बघू नका, आत्ताच दवाखान्यात न्या," कचरूच्या हातातून फोन घेत मॅडम म्हणाल्या. लेबल तर खरवडलेलं, म्हणून डॉक्टरांना रसायनाचं नावही त्यांनीच कळवलं. चिमीची तपासणी झाली. तिच्या पोटात काही गेलं नव्हतं. शेळी मात्र दोन दिवस झिंगल्यासारखी चालत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी इलाज केला आणि ती वाचली.

दुसऱ्या दिवशी कचरू मला परत कारखान्यात घेऊन आला. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "चूक माझी हाय. मॅडमनं बराबर सांगितल्तं, म्या मनावर घेतलं न्हाई." शेठ म्हणाले, "रीत तो हमारीच होती." तेव्हापासून पाळी आलेल्या कामगाराला दुकानातून नवा कोरा ड्रम मिळतो आणि ग्लायकॉलचे रिकामे ड्रम परवानाधारक कंपनी घेऊन जाते. मला मात्र कचरूनं कारखान्यातच ठेवायला मागून घेतलं. मॅडमसमोर ड्रिल मशीन चालवून त्यानं स्वतःच माझ्या तळाला भोकं पाडली, म्हणजे पुन्हा कोणी माझ्यात पाणी भरायला नको.

आता माझ्यात सांडलेलं टिपायचा कोरडा भुसा असतो. पाण्याचा मान मला मिळाला नाही, पण मी समाधानी आहे. मित्रांनो, जुना ड्रम किंवा कॅन घरी आणाल तेव्हा आधी त्यात काय होतं ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर पाणी भरू नका. धुतलेला असला, वास नसला, रंग नसला, तरी भरू नका. आम्हाला सांगायचं असतं हो, पण सांगता येत नाही.