ताणकाट्याची साक्ष

वकीलसाहेबांचा उजवा खांदा गेले चार महिने संपावर होता. हाताला जोर लागेल असं काहीही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साहेबांनी तो सल्ला सोयीपुरता ऐकला. पिशव्या उचलणं सोडलं, गाडी सोडली नाही.

गाडी म्हणजे चाळीस वर्षांची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. तिचं स्टिअरिंग निव्वळ मनगटाच्या बळावर फिरायचं. मागच्या आठवड्यात वळणावर खांद्यात कळ आली आणि गाडी फुटपाथवर चढली. त्या दिवशी बायकोने निकाल दिला. स्टिअरिंग हलकं झालं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची.

म्हणून दोघं मिस्त्रीकडे आली. साहेबांनी तक्रार सविस्तर मांडली, पण मिस्त्रीने ती कानामागे टाकून ओढीचा जोर किलोत दाखवणारा ताणकाटा काढला. त्याची रीतच तशी होती. आधी मोजायचं, मग गिऱ्हाइकावर विश्वास ठेवायचा. त्याने काट्याचा हूक स्टिअरिंगच्या कडेला अडकवून ओढला.

"उभ्या गाडीत अठरा किलो. हे रुंद टायर कुणी घातले?"

"मीच. शोभतात."

"आणि हे एवढंसं स्टिअरिंग?"

"तेही शोभतं," बायको म्हणाली.

"साहेब, गाडी मुळात एवढी जड नव्हती. तुम्ही हौसेने केलीत. हवासुद्धा कमी आहे."

हवा भरली, काटा चौदावर आला. मग मिस्त्रीने गाडी अंगणात सावकाश फिरवत मोजलं. आठ.

"आता तुम्ही ओढा." त्याने काटा भिंतीतल्या कडीला अडकवला. साहेबांनी दात-ओठ खाऊन ओढलं. पाच.

"डॅशबोर्डखाली विजेची मोटर बसवू. दोनवर येईल. पण सामान यायला तीन आठवडे लागतील."

"मी बघू?" म्हणत बायकोने काटा हातात घेतला. तिचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं, दुकानाचा टेम्पोही तीच चालवायची. कागद कापायच्या यंत्राचा दांडा ती दिवसभर ओढायची. काटा तेरावर जाऊन थांबला.

"ताई, तुम्हाला मोटर कशाला हवी?" मिस्त्री हसला.

साहेब काट्याकडे बघत राहिले. "हे तुझ्याच्यानं वळायचं नाही," असं ते तीस वर्षं सांगत आले होते. खोटं बोलायचा हेतू नव्हता. जन्मभर समोरच्याकडे पुरावा मागणाऱ्या माणसाने स्वतःकडे तेवढा मागितला नव्हता, इतकंच.

बायकोने किल्लीसाठी हात पुढे केला. साहेबांनी ती दिली, पण जरा वेळाने.

"उभ्या गाडीत स्टिअरिंग ओढू नकोस," शेजारी बसत ते म्हणाले. "थोडी पुढे सरकू दे, मग वळव. अर्ध्या जोरात वळते."

"तुम्ही तर नेहमी उभ्या गाडीतच ओढायचात!"

"हो. बघणाऱ्याला जोर दिसायचा."

फाटकापाशी तिने गाडी हातभर पुढे घेतली, मग वळवली. गाडी निमूटपणे रस्त्याला लागली. हात कुठे ठेवावेत हे साहेबांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

पुढच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "मग, विकायची?"

"भलतंच! मला तर आत्ता कुठे मिळतेय."

"आणि मोटर?"

"बसवू या की. तुमची पाळी येईल तेव्हा लागेल."

सिग्नल सुटला. साहेबांचा पाय सवयीने क्लच शोधत राहिला.