सोड्याने काळी पडणारी दुपटी

मित्रांनो, मी धुण्याचा एक जुना दगड आहे. गास गावातल्या एका वाडीत, विहिरीच्या कठड्याला लागून मला जरा तिरका बसवला आहे. घासून घासून माझ्या मधोमध खळगा पडला आहे. खरं सांगायचं तर मी थकलो आहे.

कधीकाळी मी लाव्हा होतो. तो थंड होऊन काळा बेसॉल्ट झाला. साठेक वर्षांपूर्वी खाणीतून फोडून, बैलगाडीत घालून मला इथे आणलं. केळीच्या चिकाचे, हळदीचे, मातीचे, सगळे डाग मी ओळखू लागलो. एकच डाग मला कळला नाही. या घरातला पॉल तान्हा होता, तेव्हा त्याची सकाळी ओली झालेली दुपटी दुपारपर्यंत तपकिरी होत. त्याची आई ती निमूट धुवायची आणि घरामागे केळींच्या आड वाळत घालायची. ती कोणाला काही बोलली नाही.

पॉल मोठा झाला. चाळिशीतच त्याची पाठ आखडली, कानांच्या कडा निळसर काळ्या झाल्या. "वाडीत वाकून वाकून असंच होणार," असं सगळे म्हणत. पुढे घरात वॉशिंग मशीन आलं आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. मला राग आला नाही. विसावा बरा वाटला.

गेल्या वर्षी पॉलला नात झाली, त्याच्या मुलाची, केनीची, एलिना. तान्ह्या बाळाचे कपडे मशीनमध्ये घालायचे नाहीत, असं पॉलच्या बायकोचं, मर्सीचं म्हणणं. म्हणून सून लविना माझ्यापाशी बसू लागली, आणि तो जुना डाग पुन्हा माझ्यावर आला.

"लविना, साबण संपला की हातातलं बळ?" मर्सी म्हणायची. "सोडा टाक, सोडा! चांगला मूठभर!"

सोडा पडला की डाग आणखी काळा व्हायचा.

शेजारची लूर्डस कठड्यावर कोपर टेकून बघायची. "काय गं, पोरीला चहा पाजता काय? माझ्या तिघांची दुपटी कशी पांढरीफेक असायची!"

लविना हसायची नाही. एकदा मर्सी एकटी असताना तिने विचारलं, "मम्मी, रक्त तर नसेल ना? किडनीचं काही?"

"गप्प. असलं तोंडातून काढू नकोस. डॉक्टरने बघितली ना दोनदा?"

बघितली होती, पण कशी? न्हाऊन, पावडर लावून, इस्त्रीचा फ्रॉक घालून. मळका कपडा घेऊन दवाखान्यात जायचं, ही कल्पनाच या घराला सहन होणारी नव्हती. डॉक्टरांना जे दिसायला हवं होतं, ते माझ्यावर रोज धुतलं जात होतं.

लविना शाळेत विज्ञान शिकवते. एका दुपारी तिने एकच ओलं दुपटं माझ्यावर पसरलं. अर्ध्यावर विहिरीचं पाणी शिंपडलं, अर्ध्यावर सोड्याचं. मग मर्सीला हाक मारली. दोघी उभ्या राहिल्या. सोड्याची बाजू बघता बघता काळी पडली. दुसरी नुसती पिवळट राहिली.

"हा मळ नाही, मम्मी," लविना म्हणाली. "मळ सोड्याने निघतो. हे तिच्या शरीरातलं आहे. मी हे दुपटं असंच घेऊन जाणार."

"न धुता?"

"न धुता."

मर्सीने पदराने तोंड पुसलं. मग आतून प्लॅस्टिकची पिशवी आणून तिच्या हातात दिली.

पुढचं मी विहिरीपाशीच ऐकलं. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात लघवी आणि रक्त तपासलं. त्या आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया, लाखो मुलांत एखाद्याला होणारा. तो ज्या जनुकामुळे होतो, त्याच्या आपल्या पेशींत दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक प्रत बदललेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. एलिनाच्या दोन्ही प्रती बदललेल्या निघाल्या. त्यामुळे प्रथिनांतून बनणारं एक आम्ल तिच्या शरीरात मोडलंच जात नाही. बरंचसं लघवीतून जातं. ते हवेने हळूहळू काळवंडतं, सोड्याने लगेच. उरलेलं वर्षानुवर्षं कानांत, मणक्यांत, गुडघ्यांत साठत जातं.

"म्हणजे कोणाकडून आलं?" लूर्डसने विचारलंच.

"दोघांकडून," मर्सी म्हणाली. "केनीकडून आणि हिच्याकडून, अर्धं अर्धं. आणि मी मेली, सोडा टाकून मीच काळं करत होते, आणि बोलणी ही खात होती." ती लविनाकडे न बघता बोलली, पण तिच्या हातातली बादली तिने स्वतःकडे ओढून घेतली.

डॉक्टरांनी सोबत आलेल्या पॉलचे कानही पाहिले होते. त्याचीही तपासणी झाली, आणि तोच आजार निघाला. त्या संध्याकाळी तो माझ्यावर येऊन बसला, कण्हत, एक हात गुडघ्यावर दाबून.

"पंचावन्न वर्षं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मीच कामाला कच्चा."

"औषध आहे म्हणाले ना, पप्पा," लविना म्हणाली. "एलिनाला कधी सुरू करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. तोवर दर वर्षी तपासणी. मोठी झाली की पाठीवर, गुडघ्यांवर भार नको."

पॉलने मला थोपटलं. "मग हा दगड काढूया. कमरेइतका उंच ओटा बांधू. या घरात आता कोणी वाकून धुवायचं नाही."

उद्या माणसं पहार घेऊन येणार आहेत. मित्रांनो, असं आत्मवृत्त सांगणारे शेवटी म्हणतात, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यावर वाकणाऱ्या पाठी मी साठ वर्षं पाहिल्या. मला काढताहेत ते बरंच आहे. एवढंच सांगतो. बाळाच्या कपड्यावर न समजणारा डाग दिसला, तर लाजून धुऊन टाकू नका. तो तसाच डॉक्टरांकडे न्या. पॉलची दुपटी मी रोज पाहत होतो. मी दगड होतो, मला सांगता आलं नाही.